हॉटेलची स्वच्छता ओळखायची कशी? आधी पाणी पाहा, मग पाटी

तुम्ही लातूरला नव्याने राहायला आलात. घरात तीन वर्षांचं लेकरू आहे, मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत, आणि मोठा मुलगा दिवसभर नीटच्या क्लासला असल्यामुळे दुपारी मेसमध्ये जेवतो. लंडनचा भाऊ म्हणाला की तिकडे हॉटेलच्या दारावरच स्वच्छतेचा सरकारी आकडा चिकटवलेला असतो. आपल्याकडे असं काही आहे का, नसेल तर गूगलवरचे तारे धरून चालावं का, आणि स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहावं, असं तुम्ही विचारलंय.

मी अन्नसुरक्षेचं ऑडिट करतो आणि भटारखान्यातल्या लोकांना प्रशिक्षण देतो. काम बहुतेक लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, संभाजीनगर या पट्ट्यातलं. त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि कारणं मग. पाटी बघायची, पण तिच्यावर विसंबायचं नाही. आपल्या भागात जेवण बाधणार की नाही हे पाणी कुठून येतं, अन्न शिजून किती वेळ झाला आणि वाढणाऱ्याचे हात कसे आहेत यावर ठरतं. फरशी, एसी आणि टेबलावरचा कपडा यांचा नंबर फार नंतर लागतो.

भाऊ म्हणतो ते खरं आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ० ते ५ असा आकडा मिळतो. तिथल्या स्थानिक परिषदेचा निरीक्षक आधी न कळवता येतो आणि गुण देऊन जातो. आकडा दारावर लावणं वेल्समध्ये २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१६ पासून सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये मात्र नाही. म्हणजे लंडनमध्ये ज्याच्या दारावर काहीच दिसत नाही त्याचा आकडा मुद्दाम संकेतस्थळावर जाऊन पाहावा, असं भावाला सांगा. न्यूयॉर्कने २०१० पासून अक्षरं दिली. तिथे दोषांचे गुण मोजतात, १३ पर्यंत ए, १४ ते २७ बी, २८ पासून पुढे सी.

आपल्याकडेही अशी योजना आहे, पण तिची घडण वेगळी. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखाली केंद्राचं प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, उभं राहिलं आणि महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं, ज्याला आपण एफडीए म्हणतो. एफएसएसएआयची ‘हायजीन रेटिंग’ योजना हॉटेलांना एक ते पाच हसरे चेहरे देते. पण ती ऐच्छिक आहे. हॉटेलवाला स्वतः अर्ज करतो, मान्यताप्राप्त संस्थेचा माणूस येऊन तपासतो आणि प्रमाणपत्र मिळतं. आता ज्याला दोनच चेहरे मिळाले तो ते गल्ल्यामागे कशाला टांगेल? म्हणून आपल्याकडे दिसतात ते चार किंवा पाचच. चेहरे नाहीत म्हणजे हॉटेल घाणेरडं, असंही समजू नका. मराठवाड्यातल्या बहुसंख्य चांगल्या खानावळींनी या योजनेचं नावही ऐकलेलं नसतं.

पाच चेहरे दिसले तर काय समजायचं? मालकाने पैसा आणि डोकं दोन्ही खर्च केलंय, त्याच्याकडे नोंदवह्या आहेत आणि निदान त्या दिवशी सगळं जागेवर होतं. हे काही कमी नाही. पण तारीख ठरवून होणाऱ्या ऑडिटच्या दिवशी ॲप्रन घडीचे असतात, टोप्या नव्या असतात आणि फ्रीजवर कालच छापलेली लेबलं असतात, हे मी नेहमी पाहतो. प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख असते, ती जरूर वाचा. मुदत उलटून गेलेली चौकट वर्षानुवर्षं भिंतीवर राहते, कारण काच लावून घ्यायला पैसे पडलेले असतात.

त्यापेक्षा उपयोगाचा आहे १४ अंकी क्रमांक. तो प्रत्येकाकडे हवाच, पंचतारांकित हॉटेल असो की भज्यांची गाडी. मोठ्यांना परवाना असतो, अगदी छोट्यांना नोंदणी. पहिला अंक १ असेल तर परवाना आणि २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा १५. त्यापुढचे दोन तो क्रमांक दिला त्या वर्षाचे. २०२२ पासून हा क्रमांक बिलावर छापणं सक्तीचं आहे. शिवाय अन्नसुरक्षेचा माहितीफलक दर्शनी भागात लावायचा असतो. हॉटेलांसाठी तो जांभळ्या रंगाचा असतो आणि त्यावर तक्रार कुठे करायची तेही लिहिलेलं असतं. मोबाइलवर एफएसएसएआयच्या ‘फॉस्कॉस’ संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. पत्ता जुळतो का ते नीट पाहा. एका गावातल्या शाखेचा क्रमांक दुसऱ्या गावातल्या शाखेच्या बिलावर छापणारे लोक आहेत. ॲपवरून मागवत असाल तर हॉटेलच्या पानावर अगदी तळाशी हाच क्रमांक असतो. तिथे तर तो जास्तच महत्त्वाचा, कारण नुसत्या पार्सलचा भटारखाना तुम्ही कधी पाहणारच नसता.

क्रमांक असला म्हणजे अन्न स्वच्छ असं नाही. पण हा माणूस सापडेल, त्याच्यावर कारवाई होऊ शकेल, एवढं त्यातून कळतं. ज्याच्याकडे क्रमांकच नाही त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर आधी तो कोण हे शोधण्यातच दिवस जातात.

गूगलच्या ताऱ्यांबद्दल थोडक्यात. तारे चवीला मिळतात, वाढपाला मिळतात, पार्किंगला मिळतात. स्वच्छतेला फार कमी मिळतात, कारण स्वच्छता चाखता येत नाही. सरासरी बघू नका. सगळ्यांत कमी तारे दिलेल्यांचं लिहिणं वाचा, आणि तेही ताज्या महिन्यांतलं. ‘भाजी खारट’, ‘वेटर उद्धट’ हे सोडून द्या. वेगवेगळ्या लोकांनी एकाच आठवड्यात ‘पोट बिघडलं’, ‘उलट्या झाल्या’ असं लिहिलं असेल तर मात्र थांबा. ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत मागे दिसणारं काउंटर, झाकण नसलेली पातेली, पाण्याचे जार हे मालकाने टाकलेल्या फोटोंपेक्षा पुष्कळ खरं सांगतात.

आता पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे तुम्हीही बातम्यांत पाहिलं असेल. तेवढी वेळ रोज येत नाही, पण मराठवाड्यातल्या शहरांत नळाला दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, कुठे आठवड्याने पाणी येणं ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे हॉटेल चालतं ते टाकीवर, बोअरवर आणि टँकरवर. टँकर कुठल्या विहिरीवर भरला, त्यात क्लोरीन टाकलं का, टाकी शेवटची कधी धुतली, या तीन प्रश्नांवर तुमच्या लेकराच्या पोटाचं सगळं अवलंबून आहे. मालकाला सरळ विचारा, “पाणी कुठलं वापरता?” चांगला मालक चटकन सांगतो. काही जण तर टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगवून ठेवतात. प्रश्न ऐकून जो चिडतो त्याच्याकडे चहा घ्यावा आणि निघावं. चहा उकळलेला असतो.

‘आरओचे पाणी’ ही पाटी आता टपरीवरही असते. बोअरच्या पाण्यातला क्षार जावा म्हणून आपल्याकडे आरओ घरोघरी, दारोदारी आला. मशीन नीट असेल तर त्यातून निघणारं पाणी शुद्ध असतं. अडचण पुढे सुरू होते. त्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नसतं, त्यामुळे नंतर काही पडलं तर जंतूंना अडवायला काहीच नसतं. ते पाणी स्टीलच्या कूलरमध्ये साठतं, कूलरचं झाकण उघडून आत हात घालणारे असतात आणि कूलर आतून घासला जातोच असं नाही. तोटीच्या तोंडाशी बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर सील असलेली बाटली मागवा. गार पाण्याच्या जारला सील नसतं, तो बाटलीबंद पाण्यात धरू नका. नळाच्या पाण्याला औषधाचा वास आला की लोक तोंड वाकडं करतात, मला मात्र बरं वाटतं. पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढं क्लोरीन शिल्लक असावं असं मानक आहे, आणि तो वास त्याचाच असतो.

पाणी महाग झालं की सगळ्यांत आधी काटकसर होते ती भांडी धुण्यात. बऱ्याच हॉटेलांच्या मागच्या बाजूला तीन टब मांडलेले असतात. पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात खळबळायला, तिसऱ्यात शेवटचं. गाडी लावायच्या निमित्ताने मागे एक चक्कर मारा आणि तिसऱ्या टबातलं पाणी बघा. ते राखाडी असेल, वर तेलाचा तवंग असेल, तर पुढच्या हॉलमधलं झुंबर विसरून जा. त्या टबातून निघालेली ताटली मग फडक्याने पुसली जाते. त्याच फडक्याने टेबल, त्यानेच हात आणि त्यानेच तव्याची कड. मराठवाड्यातल्या हॉटेलातली सगळ्यांत घाण वस्तू कुठली असं कुणी विचारलं तर मी संडासाच्या आधी फडक्याचं नाव घेईन. ताटं नुसती उभी करून वाऱ्यावर निथळू दिली तर ती पुसलेल्या ताटांपेक्षा स्वच्छ राहतात. म्हणून कधी ओलसर ताट समोर आलं तर घाबरू नका, पण वेटर तुमच्यासमोर ते खांद्यावरच्या कपड्याने पुसायला लागला तर थांबवा.

वेटरवरून आठवलं. तो पाण्याचे चार ग्लास कसे आणतो? चारही ग्लासांत बोटं बुडवून एका मुठीत आणत असेल तर त्या हॉटेलात हातांबद्दल कुणी कुणाला काही शिकवलेलं नाही. कायद्यात तरतूद आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, विषमज्वरासारख्या पोटाच्या आजारांची लस दिलेली असली पाहिजे आणि त्याचे दाखले हॉटेलात ठेवले पाहिजेत. दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा अशीही अपेक्षा आहे. प्रत्यक्षात हंगामाला पोरं येतात, दिवाळीला गावी जातात, परत दुसरी येतात. दाखले आधीच्या पोरांचे असतात.

संडास बघून भटारखाना ओळखावा असं म्हणतात. ते निम्मं खरं आहे. संडास चकाचक असेल तर मालकाने एक बाई लावली आहे एवढंच कळतं. मी तिथे एकच गोष्ट पाहतो, बेसिनला पाणी आणि साबण आहे का. कारण बहुतेक ठिकाणी कामगारांना वेगळं बेसिन नसतं. जे तुम्हाला मिळतं तेच आचाऱ्याला मिळतं. नळ कोरडा, साबणाची डबी रिकामी, तर आचारी हात कुठे धुतो याचा विचार करा.

तिसरी बाब वेळेची, आणि लोक सगळ्यांत जास्त दुर्लक्ष करतात ते इकडेच. जंतू वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये. म्हणून गरम अन्न ६० च्या वर आणि थंड अन्न ५ च्या खाली ठेवायचं. मधल्या तापमानात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर पारा असेल तर एकच तास. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, भट्टीजवळ तर विचारूच नका. त्यात वीज गेली की डीप फ्रीजर म्हणजे नुसतं लोखंडी कपाट. जनरेटर एसीला जोडलाय की फ्रीजला, हा प्रश्न मी ऑडिटला आवर्जून विचारतो आणि उत्तर ऐकून बरेचदा हसू येतं.

यातून एक उलटंच सत्य निघतं. काचेच्या दाराच्या, शंभर पदार्थांचा मेन्यू असलेल्या हॉटेलात लाल, पिवळी आणि पांढरी अशी ग्रेव्ही मोठ्या पातेल्यांत करून ठेवलेली असते. त्यातूनच पनीरचे वीस प्रकार निघतात. ग्रेव्ही दोन दिवसांची असू शकते. उकडून ठेवलेला भात जिरा राइससाठी सकाळपासून ताटकळत असतो. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि उलट्या करणारं त्याचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उलट रस्त्याकडेच्या साध्या खानावळीत चार पदार्थ असतात, पिठलं डोळ्यांदेखत उकळतं आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. त्या भाकरीवर जंतू टिकायला जागाच नाही. पण धाब्याचं कौतुक करून मी थांबणार नाही. त्याच ताटातला कांदा कुठल्या पाण्याने धुतला, लिंबू कोणत्या सुरीने चिरलं, ठेचा सकाळचा की कालचा, हे प्रश्न तिथे जास्त जोरात विचारायचे असतात. माझा स्वतःचा नेम असा की पाण्याबद्दल शंका असेल तिथे वाफाळणारं सगळं खायचं आणि कच्चं सगळं बाजूला सारायचं. यात कोशिंबीर, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, हिरवी चटणी, पाणीपुरी आणि बर्फ घातलेला मठ्ठा सगळं आलं.

गर्दी हे चांगलं लक्षण आहे, कारण गर्दीत अन्न शिळं व्हायला उसंत मिळत नाही. ट्रक उभे दिसले की तिथे जेवावं हे त्यामुळेच म्हणतात. (काही धाब्यांवर ट्रक जेवणासाठी उभे नसतात, हा भाग वेगळा.) मात्र नवरात्रात तुळजापूरला, नाथषष्ठीला पैठणला किंवा श्रावणात औंढ्याला आणि परळीला हा नियम उलटा होतो. रोज दोनशे ताटं काढणाऱ्या भटारखान्यातून दोन हजार काढायची म्हटली की रात्रीच सगळं शिजवून ठेवतात, भांडी खळबळून वापरतात आणि नवी माणसं हाताशी घेतात. अशा दिवशी पातेल्यातल्या भाजीपेक्षा कढईतून आत्ता निघालेली पुरी किंवा भजी बरी. उपवासाची भगर मात्र अनोळखी ठिकाणी टाळाच. सुट्या, ओलाव्यात राहिलेल्या भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी लागते आणि तिच्या विषाने गावंच्या गावं आजारी पडल्याच्या बातम्या आपल्या भागात दर सणाला येतात.

नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) आणि बिर्याणीबद्दल तुमच्यापैकी कुणी ना कुणी विचारेलच. देग, म्हणजे शिजवायचा मोठा हंडा, निखाऱ्यावर झाकलेली असेल, वाढताना वाफ येत असेल, तर ती सुरक्षित. धोका उरलेल्यात. मांसाचं मोठं भांडं हळूहळू गार होतं तेव्हा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू त्यात झपाट्याने वाढतो. दुपारी बाराला काढलेली बिर्याणी रात्री नऊला पार्सलमध्ये आली तर तिची चव चांगली असली तरी तिचा मी भरवसा धरणार नाही. “देग किती वाजता काढली?” हे विचारायला लाजू नका. वस्ताद अभिमानाने सांगतो, आणि नाही सांगितलं तर तेही उत्तरच.

बर्फाचं एक लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या एफडीएने २०१८ मध्ये आदेश काढला की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा, म्हणजे मासे किंवा माल गार ठेवायचा बर्फ रसात जाणार नाही. उन्हाळ्यात रसवंतीवर बसलात की पोत्यातून निघणारी लादी बघा. निळसर दिसली तर उठा. पांढरी असली तरी ती पोत्यात गुंडाळून, फुटपाथवर आपटून फोडलेली असेल तर ‘बिना बर्फ’ म्हणा. उसाचा रस तसाही गोडच लागतो.

तेलाबद्दल लोक फार विचारतात. काळं, फेसाळ, कढईत लगेच धूर सोडणारं तेल म्हणजे पुन्हापुन्हा तापवलेलं. त्यातल्या ध्रुवीय संयुगांचं, म्हणजे तेल तापून खराब होताना तयार होणाऱ्या द्रव्यांचं, प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते वापरायचं नाही असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. पण त्याने आज रात्री पोट बिघडत नाही, ते बरेच वर्षांनी काळजाला लागतं. मंचुरियनच्या आणि तंदुरी कोंबडीच्या भडक लाल रंगाचंही तसंच. शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंगाला बंदी घातली, आणि आपल्याकडेही अशा शिजवलेल्या पदार्थांत तो घालायची मुभा नाही. हात लाल होत असेल तर लेकराला देऊ नका, एवढं पुरे.

एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण त्यामुळे चांगल्या हॉटेलांची नाहक बदनामी होते. पोट बिघडलं की आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो. तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर ते बहुधा आधीच तयार झालेलं विष असतं, भातातलं किंवा हाताच्या जखमेतून खव्यात, बासुंदीत गेलेल्या स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूचं. मांसाच्या त्या जंतूला सहा ते चोवीस तास लागतात, साल्मोनेला नावाच्या जंतूला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत. विषमज्वर दिसायला एक ते तीन आठवडे जातात आणि अ प्रकारची कावीळ साधारण महिन्याने उघडी पडते. म्हणजे आज डोळे पिवळे झाले तर मागच्या महिन्यातलं पाणी आठवावं लागतं. ई प्रकारची कावीळही घाण पाण्यातूनच येते आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती जिवावर बेतू शकते, म्हणून घरात गरोदर बाई असेल तर बाहेरच्या पाण्याबद्दल मी सगळ्यांत कडक असतो. तुमच्या घरात तीन वर्षांचं मूल आणि मधुमेही सासूबाई आहेत. दोघांनाही जुलाब झाले तर ओआरएस लगेच सुरू करा. लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं किंवा शौचातून रक्त आलं तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

हॉटेल पारखायला जायची वेळही सांगतो. दुपारी दीडला सगळीच हॉटेलं धावपळीत असतात, तेव्हा काही कळत नाही. चार वाजता चहाला जा. दुपारची पंगत उठलेली असते, रात्रीची तयारी सुरू व्हायची असते. पातेल्यांवर झाकणं आहेत का? ओटा धुतलाय की दुपारचा खरकटा तसाच आहे? कापलेला कांदा उघडा पडलाय का? दिवसाउजेडी भिंतीवर झुरळ फिरतंय का? झुरळ रात्रीचं जनावर आहे. ते दिवसा बाहेर दिसतं तेव्हा आत जागा उरलेली नसते. हात धुवायच्या निमित्ताने भटारखान्याच्या दाराशी क्षणभर थांबलात तर कुणी हाकलत नाही.

आता मुलाच्या मेसचं. लातूरच्या मेस हॉटेलांपेक्षा एका बाबतीत बऱ्या, ताटांची संख्या ठरलेली असल्यामुळे फार उरत नाही. आणि एका बाबतीत वाईट, कारण जे उरतं ते दुसऱ्या दिवशी नाव बदलून येतं. सकाळी फोडणीचा भात किंवा पोळीचा चिवडा वारंवार असेल तर रात्रीचं अन्न फ्रीजमध्ये जातं की ओट्यावर राहतं ते मुलाला पाहायला सांगा. त्याने पंगतीच्या पहिल्या तासात जेवावं, अडीचला जाऊन तळाशी उरलेलं खाऊ नये. पाण्याची बाटली घरून द्या. ही गोष्ट एकदम सोपी आणि सगळ्यांत जास्त उपयोगाची.

शिवाय हॉटेलच्या गिऱ्हाईकाकडे नसलेली एक ताकद तुमच्याकडे आहे, तुम्ही महिन्याचे पैसे आगाऊ देता. चार-पाच पालकांनी मिळून मालकाकडे परवाना, कामगारांचे वैद्यकीय दाखले आणि पाण्याचा तपासणी अहवाल मागा. एकट्याने मागितलं तर टोलवतात, पाच जण गेले की कागद निघतात. नसतील तर पंधरा दिवसांत करून घ्या म्हणावं. मी अशा बऱ्याच मालकांना प्रशिक्षण दिलंय. बहुतेकांना करायचं असतं, कुणी कधी मागितलेलं नसतं.

आणि खरोखर काही झालंच तर. बिल जपून ठेवा, काय खाल्लं, किती वाजता, सोबत कोण होतं आणि त्रास कधी सुरू झाला हे लगेच लिहून काढा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लक्षणं आणि वेळ नमूद करून घ्या. सोबतच्या आणखी कुणाला त्रास झाला असेल तर त्याचीही नोंद हवी, दोन घरांच्या तक्रारीला वजन येतं. एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आणि एफएसएसएआयचा १८००-११२-१००. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर फोटोसह तक्रार जाते. तुमच्या हातातलं उरलेलं पार्सल तपासणीत सहसा टिकत नाही, अधिकाऱ्याने हॉटेलातून घेतलेला नमुना टिकतो. म्हणून तक्रार त्याच दिवशी करा. आठवड्याने तिथे तेच पातेलं नसतं. अधिकारी कलम ३२ खाली सुधारणा नोटीस देऊ शकतो, आणि अस्वच्छ जागेत अन्न केल्याबद्दल कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

लातूरमधल्या चांगल्या हॉटेलांची नावं मी मुद्दाम देत नाही. आचारी बदलला की सहा महिन्यांत हॉटेल बदलतं, आणि माझी यादी तोपर्यंत शिळी झालेली असेल. घराजवळची दोन-तीन ठिकाणं निवडा, चार वाजता एकदा चहाला जा, मागचे टब पाहून या, आणि काय दिसलं ते इथेच लिहा. शंका असेल तर सांगेन.